तुटक रेषा

नकाशावर हा रस्ता तुटक रेषेत आहे.
बावीस वर्षं मीच काढत आलो असल्या रेषा,
पट्टी धरून, काळ्या शाईनं,
प्रत्येक तुकड्यानंतर पेन उचलून.
पेन उचललं तिथं काय असतं
ते आज कळतंय, माकडहाडाला.

साकोलीहून निघालो तेव्हा अंधार होता.
डांबर संपलं नाल्याच्या रपट्यापाशी
आणि मुरूम लागला,
आधी बारीक, तांबडा, चाळून घेतल्यासारखा,
मग वनखात्यानं ओतून ठेवलेली गिट्टी,
जिच्यावर रोलर यायचा राहिलाय तीन वर्षं.
चाकाखाली तिचा आवाज
भाजलेली लाखोळी चावावी तसा.

गेटवर सयामदादा. चैतातही कानाला मफलर.
रजिस्टर पुढं सरकवतात:
नाव, गाव, गाडी नंबर, उद्देश.
नंबरापुढं आडवी रेघ मारतो.
उद्देशापाशी अडतो.
"लिवा ना जी, मोजणी."
मोजणी नाही दादा, साखळी घरी आहे आज.
"मंग काहाले?"
वरच्या ओळी वाचून बघतो:
सरपण. डिंक. सोयरीक. बैल हरवला.
मी लिहितो, सायकल.
दादा बॅटरी मारतात तिच्यावर,
जाड टायरांवर, एडक्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या हँडलवर,
मागं जातात, वाकून बघतात.
"कॅरेज नाही याले?"
नाही.
"मंग आणसान कायच्यावर?"

गायखुरीचा चढ.
गिअर खाली, मान खाली,
जग हातभर उरतं:
चितळाच्या लेंड्या,
सालईचा पापुद्रा,
एका पायाची निळी चप्पल, अंगठा तुटलेली.
गट नंबर किती लिहिले मी या हातानं,
हेक्टर, आर, पोटखराबा.
पोटखराबा म्हणजे ज्यात काही पिकत नाही ते.
त्यातूनच चाललोय आत्ता, धापा टाकत,
आणि ऐनाच्या झाडावरून कोतवाल
माझी नक्कल करतोय, की माझ्या चेनची.

माथ्यावर उजाडलं.
मग उतार, पन्हाळी पत्र्यासारखा,
हाडं खुळखुळली, ब्रेक दाबला,
मागचं चाक गिट्टीवरून सटकलं आणि
मी सायकलसकट
मोहाखालच्या झाडून काढलेल्या अंगणात.

पाला जाळून, राख लोटून
केवढं स्वच्छ केलं होतं तिनं!
फुलं टपटपत होती एकेक,
आणि मधोमध मी,
कोपर सोललेलं, चाक हवेत फिरतंय.
टोपली घेऊन उभी फुलवंताबाई वरखडे
आधी फुलं बघते, मग मला.
"मोडलं का काई?"
नाही.
"मंग येच आता, मंडलं तेवढं."

तासभर वेचली.
पिवळट, फुगीर, बोटांना चिकटणारी,
वासानं डोकं जड.
वाकून वेचायचं आणि वर बघायचं नाही,
बघितलं की डोळ्यात पडतं.
मधे विचारलं, झाड कुणाचं?
"आमचं. पल्याडलं मायच्या जावेचं."
कुठल्या उताऱ्यावर, ते मी विचारलं नाही.
जमीन वनखात्याची, नकाशा माझा,
आणि दोन मोहांमधली हद्द
तिच्या खराट्यानं काढलेली,
माझ्यापेक्षा सरळ.

निघताना तिनं हेल्मेट मागितलं,
भरून दिलं.
मी ते हँडलला टांगलं
आणि उघड्या डोक्यानं उतरलो.

त्या पन्हाळी रस्त्यावर
दर खाचेला एक फूल उडत होतं.
वळणावर मागं बघितलं तर
तांबड्या मुरमावर
फूल, जागा,
फूल, जागा,
थेट माथ्यापर्यंत.
एक माकड मन लावून ती पुसत येत होतं.

गेटवर दादांनी वेळ लिहिली, नऊ चाळीस.
हेल्मेटात डोकावले,
एक फूल उचलून तोंडात टाकलं.
"इतलेच?"