रिकामी ओळ

क्लीथॉर्प्सच्या किनाऱ्यावर दोनशे बारा बाक,
प्रत्येकाच्या पाठीला पितळेची पट्टी,
पट्टीवर गेलेल्या कुणाचं नाव.
नावं माझ्याकडे येतात टेक्स्ट फाइलमधून.
माझ्याआधी इथे कोण बसायचं ठाऊक नाही,
त्याने लिहिलेली बॅच स्क्रिप्ट ती वाचते,
कोरणाऱ्या यंत्राला देते.
मी कौन्सिलच्या तळघरात, हीटरला पाय लावून,
सकाळी पट्ट्या मोजते.

स्क्रिप्ट जुन्या वळणाची.
काही चिन्हांचा तिला विटाळ होतो.

उद्गारचिन्ह दिसलं की गिळते.
मुख्याध्यापिका बाईंच्या बाकावर हवं होतं
"आत या पाहू सगळे!"
आलं, "आत या पाहू सगळे".
जन्मात कधी इतक्या हळू बोलल्या नव्हत्या म्हणे त्या.

अर्धविरामाने सुरू झालेली ओळ तिच्या लेखी ओळच नव्हे.
एका म्हाताऱ्या मुद्रितशोधकाने मरणाआधी लिहून ठेवलं होतं
"; बाकीचं नंतर"
ते अख्खंच गेलं.
लेकीला वाटलं, कौन्सिलने अक्षरांचे पैसे वाचवले.

आणि "टेड & व्हेरा".
त्या वेटोळ्यापाशी तिने ओळ तोडली,
टेडला छापलं,
व्हेराला हुकूम समजली,
आणि पडद्यावर कुरकुरली:
'व्हेरा' नावाची कुठलीही आज्ञा, आतली वा बाहेरची, ओळखीची नाही.
एकसष्ट वर्षांचा संसार.
मी हसले. मग दाराकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही.

'ध'चा 'मा' आम्हाला चौथीत होता.
तिथे निदान कुणाच्या तरी मनात काळं होतं.
इथे काहीच नाही,
वाचता वाचता सांडतं.

मार्चमध्ये हर्बर्ट ओडलिंग आले, हातमोजे न काढता.
पट्टी टेबलावर ठेवली. "माझी जागा कुठेय?"
कागदावर त्यांनी बायकोचं नाव लिहिलं होतं,
खाली एक ओळ कोरी,
मग: "इथून बोटी दिसतात".
पट्टीवर नावाला बोटी चिकटलेल्या.
मी म्हटलं, यंत्राला रिकामं दिसत नाही हो.
ते म्हणाले, "ट्रॉलरवर रेडिओला होतो मी.
तासातून दोनदा तीन-तीन मिनिटं सगळे गप्प,
कुणी बुडत असेल तर ऐकू यावं म्हणून.
त्या गप्प राहण्याचीही वहीत नोंद व्हायची, पोरी."

पोरी! माझं वय बावन्न.

त्या रात्री घरी गेले नाही.
प्रत्येक ओळीला आधी नंबर दिला, कोऱ्या ओळीलाही,
म्हणजे तिला ओलांडून जाता येणार नाही;
पलीकडे पोचल्यावर नंबर पुसला.
ओळ आत घेताना विस्तार बंद ठेवला, देताना चालू केला,
उद्गार जिवंत राहिले.
व्हेराला दोन्हीकडून अवतरणांच्या ओंजळीत धरलं.

राहिली कोरी ओळ छापायची.
नुसतं 'एको' म्हटलं तर बया स्वतःबद्दलच बोलते,
'एको चालू आहे.'
त्याला एक टिंब जोडावं लागतं.
मग गप्प बसते, ओळ सोडते.

टिंबाला इंग्रजीत काय म्हणतात
ते पट्टीवर आधीच कोरलेलं होतं:
डॉट ओडलिंग.
पहाटेचे चार वाजले होते, हंबरवर भोंगा वाजत होता,
आणि हे सांगायला कुणी जागं नव्हतं.

नवी पट्टी घ्यायला ते आले तेव्हाही सांगितलं नाही.
त्यांनी मोजा काढला,
कोऱ्या पितळेवर अंगठा फिरवला,
"बरोबर बसेन," म्हणाले.

जाता जाता स्क्रिप्टच्या माथ्यावर मी टीप ठेवली, मराठीत:
रिकामी ओळ वगळू नका.
सेव्ह करून पुन्हा उघडली.
पंधरा प्रश्नचिन्हं.
मधल्या तीन मोकळ्या जागा मात्र
जिथल्या तिथे.