पाणवठ्याची हजेरी

मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारी
नान्नजच्या पाणवठ्यातून दोन लिटर पाणी आणलं.
बाटलीवर माझं अक्षर: पा-४, सकाळी सहा चाळीस.
वनरक्षक काशिलिंग गावडे म्हणाले,
‘ह्यात काय दिसणार ताई, गाळ?’
म्हटलं, जो जो इथं पिऊन जातो
त्याची लाळ, पिसांचा कोंडा,
थोडं थोडं मागं राहतंच.
‘म्हणजे उधारीची वही,’ म्हणाले,
आणि विडी पेटवायला वाऱ्याकडे पाठ केली.

माळढोक शेवटचा कधी दिसला, मी विचारलं नव्हतं.
आपणहून म्हणाले, ‘धाकटी बालवाडीत होती.’
धाकटी आता नर्सिंगला आहे.

पाणी गाळायला दोन तास.
रुपयाएवढी पांढरी चकती,
तिच्यावर अख्खा माळ, एक करडा डाग.
मग वीज गेली.
उणे वीसचा फ्रीझर मी टॉवेलांत गुंडाळला,
घरचेच सहा टॉवेल, किनार चुकलेले,
सेकंडचा माल.

नायना पूर्व भागात जेकार्डची कार्डं पाडतात.
भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली.
एक भोक चुकलं की मोराची मान मोडते
आणि चादरभर मोडतच जाते.
त्या रात्री पेपर पुढं सरकवून म्हणाले,
‘रक्ताचा आजार कात्रीनं बरा केला म्हणे.
चुकलेलं कार्ड बदलतात, तसंच ना?’
तसंच. फक्त चादर विणून झालेली असते,
आणि कुणीतरी ती पांघरून झोपलेलं असतं.
‘खर्च?’
मी आकडा सांगितला.
त्यांनी तो मागांमध्ये मोजला
आणि जेवायला बसले.

अव्वाला मी प्रथिनांचं सांगते:
एकेका प्रथिनाची घडी उलगडायला
लोकांची उमेदीची वर्षं जायची,
आता संगणक बसल्या जागी अंदाज बांधतो.
अव्वा गोदामात दिवसाला तीनशे टॉवेलांच्या घड्या घालते.
‘आणि घालतं कोण?’ तिनं विचारलं.
कोणी नाही, अव्वा. आपली आपणच पडते.
ह्यावर तिचा विश्वास बसला नाही.
खरं तर माझाही रोज बसत नाही.

अकराव्या दिवशी यंत्रानं हजेरी दिली.
यंत्र केवढं, तर अव्वाच्या मिश्रीच्या डबीएवढं.
मेंढी, एक लाख चाळीस हजार.
कुत्रा. म्हैस. काळवीट. टिटवी.
लांडगा (गावडे कधीचे सांगत होते, कुणी लिहून घेतलं नाही).
माणूस, भरपूर.
वनस्पतींच्या यादीत बाभूळ, कुसळी गवत, आणि कापूस.
कोऱ्या पाण्याच्या नळीतही माणूस आणि कापूस.
हत्तुरे मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं:
‘हा माणूस म्हणजे तू.
हा कापूस म्हणजे तुझं घर.’

अगदी खाली, माळढोक: तीन.

दहाच्या आतला आकडा म्हणजे गोंगाट, पुसून टाकायचा.
नियम माझाच, मागच्या वर्षी मीच टाइप केलेला.
तीन म्हणजे पक्षी असू शकतो.
किंवा गेल्या महिन्यात ह्याच टेबलावर उघडलेलं
संग्रहातलं जुनं पीस.
मी ओळ पुसली.
मग वहीत पेन्सिलीनं लिहिली, तारखेसकट.

संध्याकाळी गावड्यांचा फोन. ‘आलं का कोण?’
लांडगा आला, म्हटलं.
‘ते मला ठाऊक आहे.’
पलीकडे वारा, कुठंतरी घुंगराची मेंढी.
मग मी टॉवेलांचं सांगितलं, तर हसले खूप,
खोकला येईपर्यंत.
तिघांचं सांगितलं नाही.
म्हटलं, पुन्हा पाणी न्यायला येते.
‘ये की. पण साडेपाचला ये,’ म्हणाले,
‘मेंढ्यांच्या आधी.’