उसनं नाक

तापातून उठले तेव्हा जिभेची चव परत आली,
नाक नाही आलं.
फोडणी करपली की डोळ्यांना दिसायची, तेवढंच.
वास साकोलीच्या दवाखान्यातच कुठल्यातरी खाटेखाली
राहून गेला असावा.

सांदवाडीत अकरा कोंबड्या, एक कोंबडा.
पारबताबाई काट्यांच्या कुंपणावरून म्हणाली,
"बाई, तुह्या खुराड्याचा वास
माह्या भाताच्या ताटात येऊन बसते."
मला खरंच काही येत नव्हतं.
म्हटलं, मग तूच सांगत जा.

तेव्हापासून रोज दिवस निघताना
ती कुंपणाशी यायची, नाकावरचा पदर काढायची,
विहिरीत बादली सोडावी तसा
एक श्वास आत सोडायची
आणि निकाल द्यायची:
"आज पाण्याच्या गाडग्याकडून."
"आज बसतात त्या दांडीखालून."
एकदा बराच वेळ हुंगून, जरा ओशाळून:
"आज तुह्याकडून नाही. माहीच नाली तुंबली."

तिच्या नाकाने मी खुरपी चालवली.
दांडीखालचा थर रोज खरडायचा,
तो वाळू द्यायचा नाही, नाहीतर दगड होतो.
गाडगं विटेवर चढवलं, सांडणं थांबलं.
भात गिरणीतून दोन पोती तूस आणला.
भोजराज पोत्याचं तोंड शिवत म्हणाला,
"कोंबड्यायले गादी काय?"
हो, गादी. चार बोटं जाड.
वर चुलीची चाळलेली राख.

मग ऐन झडीच्या दिवसांत
पारबताबाई लेकीच्या बाळंतपणाला वडशाला गेली
आणि माझं नाक सोबत घेऊन गेली.

सात दिवस ऊन नाही.
कौलांतून एक धार नेमकी खुराड्याच्या कोपऱ्यात.
कुणाला विचारू?
मूठभर तूस उचलून आवळून पाहिला.
मूठ उघडली, लाडू तसाच.
म्हणजे ओल.
सुटून सांडायला हवा, पेरताना दाणे सुटतात तसा.
हे मला कुणी सांगितलं नाही,
हाताला आधीपासून माहीत असावं.
माश्या मोजायला शिकले.
गुडघे टेकून, मान वाकवून,
कोंबडीच्या उंचीवरून आत बघायला शिकले,
तिथे श्वास कोण घेतं तर त्या घेतात,
आपण आपले वरच्या हवेत.

एका संध्याकाळी तिथे वाकले आणि डोळे झोंबले.
लंगडी कोंबडी एक डोळा मिटून
भिंतीला चिकटून बसलेली.
रात्रीच बॅटरी दातांत धरून
सगळा तूस उपसला, टोपल्यांवर टोपल्या,
मागच्या खड्ड्यात. वर पळसाची पानं, वर माती.
कौल सरकवलं. कडुनिंबाचा पाला जाळला,
धूर निघून जाईपर्यंत बाराही जीव स्वयंपाकघरात,
कोंबडा पाट्यावर.
सकाळी लंगडीने दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं
आणि पायाच्या अंगठ्यावर चोच मारली.

पोळा झाल्यावर पारबताबाई आली.
पिशवी खाली न ठेवताच कुंपणाशी.
मी फावडं धरून उभी, परीक्षेला बसल्यासारखी.
तिने बादली सोडली, खोल.
पुन्हा सोडली.
तिचा चेहरा पडला.
"कोंबड्या विकल्या का वं?"

तेवढ्यात कोंबडा ओरडला, म्हणून बरं.
ती हसली, पिशवीतले डिंकाचे लाडू कुंपणावरून दिले,
नातवाचं नाव सांगू लागली,
नाक कोणासारखं, कान कोणासारखे,
मी ऐकत राहिले, ऐकतच राहिले,
आणि मधेच थांबून ती म्हणाली,
"जाय वं आत.
दूध करपलं तुहं."