मांडीखालची छिद्रं

कणकुंबीच्या पुढे,
जिथं मोबाईल मधूनच गोव्यात जाऊन येतो,
मष्णूनं जांभ्याच्या भेगेत बॅटरी धरली.
"मॅडम, ही रोजची नव्हं."

रोजची म्हणजे ट्यूबलाइटमागची,
बोलणाऱ्याला दुजोरा देणारी.
हिला आवाजच नाही. बाहुली गोल,
बोटं काटकुळी, वाकडी,
गळ्याखाली हळद सांडलेली.
चुकचुकलं ते माझ्याच मनात.

जांबोटीच्या शाळेत, बेंचवर, भिंगाखाली
मी मांडीखालची छिद्रं मोजते.
डावीकडे चार, उजवीकडे पाच.
पुन्हा मोजते. चार, पाच.
पलीकडच्या डोंगरावरच्यांना तीन-तीन.
"ह्यावरनं जात ठरती?"
"ह्यावरून, खवल्यांवरून. मोजूनच."
मष्णू हसतो.
"आमच्यात न मोजताच ठरती."

बाटलीत स्पिरिट. चिठ्ठीवर पेन्सिल,
शाई विरघळते म्हणून.
नर. तेहतीस मिलिमीटर, शेपूट सोडून.
ठिकाण?
ओहोळाला मराठीत एक नाव, कन्नडमध्ये एक,
नकाशात कुठलंच नाही.
मष्णू म्हणतो, आम्ही नुसतं वरचं पाणी म्हणतो.
मी लिहिते: वरचं पाणी.

नाव ठेवायला आधी एक मरावी लागते
हे मी त्याला सांगितलं नव्हतं.
बाटली त्यानं उजेडाकडे धरली,
बराच वेळ,
मग बेंचवर ठेवली, झाकण पुन्हा आवळलं.

दुसऱ्या रात्री त्याच भेगेपाशी
तो माझ्या आधी पोचला.
बॅटरी झाडाकडे वळवून म्हणाला,
"हितं काय न्हाई."

भेगेत काहीतरी सरकलं.
मी वहीत वेळ लिहिली, नऊ चाळीस,
आणि पुढे: काही नाही.