पेव

अकरावीचं प्रॅक्टिकल. खिडकीपलीकडं सांगलीचं मार्केट यार्ड.
सौद्याच्या दिवसात इथं पांढरा खडूही
दुपारपर्यंत पांढरा राहत नाही.

ओल्या हळकुंडाचा काप घ्यायचा,
पातळ, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
शबाना मुजावरचा पाचवा काप जमला.
थेंबभर पाणी, वर काच,
नळीला डोळा.

आधी भिंतीच दिसतात.
भिंतीला भिंत, मधे बोळसुद्धा नाही.
आत कांजीचे कण,
कृष्णेतल्या चपट्या गोट्यांसारखे, एकावर एक.
आणि मधूनच एखादी पेशी
नुसती पिवळी, काठोकाठ.

"सर, सगळ्या का नाहीत पिवळ्या?"

आयोडीन कडेनं सोडलं.
गोटे निळे झाले, मग शाई.
केंद्रक काही सापडेना.
मी सांगितलं, साठा वाढला
की मालक कोपऱ्यात सरकतो.

बाळगोंडा मगदूम बेसिनपाशी काचा धूत होते.
"आमच्या हरिपुरात हेच, जमिनीत.
पेवाचं तोंड एवढंसं, पोट हत्तीचं.
उघडलं की बाप आधी कंदील सोडायचा दोरानं.
विझला, तर त्या दिवशी कुणी उतरायचं न्हाई.
पुराचं पाणी शिरलं, तवा गेलं ते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून
एक वाळकं हळकुंड काढलं. शेवटच्या पेवातलं.
रात्रभर भिजवलेलं.
काप मी घेतला.

एकही गोटा नाही.
उकळताना कणाकणाची खळ झालेली,
आणि रंग भिंती ओलांडून
घरोघर गेलेला.
एकही पेशी कोरी नाही,
एकही जिवंत नाही.

मगदूम बराच वेळ नळीला डोळा लावून उभे.
"म्हंजे शिजल्याबिगर
वाटून देत न्हाई."
एवढंच बोलले.

जर्नलमधे शबानानं आकृती काढली.
मधला मोठा फुगा, त्याला बाण, नाव : रिक्तिका.
"पण सर, ही तर भरलेली असते."
हो. नाव ठेवणाऱ्यानं
कंदील सोडला नसावा.

सही करताना माझा अंगठा पानावर उमटला,
पिवळा, थेट केंद्रकावर.

मगदूमांनी काचा धुतल्या.
एक काही केल्या निघेना.
तीही त्यांनी पुसून
बाकीच्यांत ठेवली.