पेटी क्रमांक एक्केचाळीस

अबाको बेटावरच्या वादळाला सहा वर्षं झाली.
आज फोन आला:
शवपेटी एक्केचाळीस, जुळलं.

विल्झोरनं हयातभर नाव लपवलं.
हैतीहून होडीत लपून आलेल्याकडे
कागद कुठला?
पोलीस दिसला की सुतारकामाची पेन्सिल कानामागे,
मान खाली,
विचारलंच तर दरवेळी नवं नाव.
एकदा तर माझ्या नवऱ्याचंच सांगितलं,
किती हसलो होतो रात्री.

गालाच्या आतून कापूस फिरवून दिला
तेव्हाही वाटलं,
भावाची चहाडी करतेय.

आता गणवेशातला माणूस
समोर बसून विचारतो,
स्पेलिंग बरोबर आहे ना, बाई?
आणि एकेक अक्षर
खणखणीत वाचत जातो.

हळू,
मी सवयीनं म्हणते,
दार उघडं आहे.