दोन पंखांची माशी

फेब्रुवारीत पेटीला कान लावला
तर आतून नुसती घरघर येते,
डोंगरापलीकडे कुणी ट्रॅक्टर चालू ठेवून विसरलंय तशी.
एरवी काम नसतं. म्हणून मी टपाल वाचते,
पडद्यावरचं.

आज पुन्हा आलंय:
"श्रीमती बोगोमिला कोत्सेवार,
आपलं नाव चोवीस तासांत संपुष्टात येत आहे."
चोवीस तासांत!
इतकी नेमकी मुदत
आमच्या डॉक्टरनेही कधी दिली नाही.

नाव म्हणजे माझं नव्हे, मधाचं.
भाचा येर्नेय ग्राझला जाण्याआधी
स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्याने ते घेतलं,
वर्षाला अठरा युरो,
शेवटी टिंब आणि आमच्या स्लोव्हेनियाची दोन अक्षरं.
मी विचारलं, कायमचं विकत नाही का मिळत?
म्हणाला, मावशी, नाव कुणालाच विकत मिळत नाही.
भाडं भरत राहायचं.

मला पटलं. आमच्याकडे पेट्यांच्या पुढच्या फळ्या रंगवतात.
एकीवर शिकाऱ्याची दाढी करणारा कोल्हा,
एकीवर एका विजारीसाठी झोंबणाऱ्या बायका.
पाहुणे हसतात, फोटो काढतात.
पण फळी रंगवायची ती
माशीला संध्याकाळी आपलं दार कळावं म्हणून.

गेल्या हिवाळ्यात असंच एक पत्र आलं, कागदी.
वर गरुड, खाली शिक्का, लाल अक्षरांत अंतिम सूचना.
मी एकशे एकोणनव्वद युरो भरले.
कशाचे, ते अजून कळलेलं नाही.
तळाशी मुंगीच्या पायांएवढं लिहिलेलं,
हे बिल नाही, प्रस्ताव आहे.
ते मी आठवड्याने वाचलं,
माश्यांची अंडी बघायच्या भिंगातून.

येर्नेयला सांगितलं नाही.
शेजारच्या त्सिरिललाही नाही,
जो परवा कुंपणावर रेलून, खुशीत, म्हणाला
की त्याच्या करवतगिरणीच्या नावाला
चाळीस हजारांचं गिऱ्हाईक आलंय,
आधी फक्त किमतीचा दाखला काढायचा, दोनशे सत्तर.
दाखला देणार कोण?
गिऱ्हाइकानेच सुचवलेला माणूस.
मी म्हटलं, त्सिरिल,
घोडा घ्यायला आलेला
दात बघायचे पैसे तुझ्याकडून मागतो का?
तो बुटावरचा बर्फ झाडत राहिला.
म्हणजे भरले होते.

सप्टेंबरात आयव्हीच्या फुलांवर एक माशी येते,
हुबेहूब आमच्यासारखी,
तेच तपकिरी अंग, तीच गुणगुण.
शाळेची पोरं हात मागे घेतात.
मी सांगते, गुणगुण ऐकू नका, पंख मोजा.
मधमाशीला चार. हिला दोनच.
डोळे मात्र केवढे,
सगळं तोंड डोळ्यांनीच भरलेलं.

तर आज मोजते.
पाठवणाऱ्याचं नाव बरोबर,
पत्त्यात एक ल जास्त.
मारिबोरच्या कंपनीचं खरं बिल येतं मे महिन्यात,
अकेशिया फुलतो तेव्हा,
आणि त्याला कसली घाई नसते.
माझ्या कोचेवारचं कोत्सेवार झालंय,
अक्षराच्या डोक्यावरची टोपी उडाली.
पण ती तर बँकही उडवते. ती धरत नाही.
पैसे कुठे? एका बेटावरच्या खात्यात,
जे बेट मला नकाशातही सापडलं नाही.

दोनच.

पुसून टाकायला बोट नेलं होतं. नाही पुसलं.
छापलं.
ड्रॉवरच्या तळातून ती जुनी पावती काढली,
भिंग खिशात टाकलं,
आणि आता बर्फातून त्सिरिलच्या दाराशी उभी आहे.
आत दिवा आहे. कुत्रं भुंकतंय.
बसायच्या आधीच सांगणार आहे,
एकशे एकोणनव्वद.
आधी माझे.
मग तुझे बोलू.